रिकार्डोचा खंड आणि दख्खनचा सारा: चूक गणिताची की नजरेची?

धागाकर्ता: जिराईत

दख्खनची जमाबंदी, म्हणजे जमिनीचा सारा ठरवण्याची पद्धत, हा आपल्याकडे महसूल खात्याचा विषय समजला जातो. माझ्या मते तो आधी विचारांच्या इतिहासाचा विषय आहे, आणि त्याच्या मुळाशी माणसांच्या उच्चनीचतेची कल्पना आहे.

१८१७ साली लंडनमध्ये दोन पुस्तकं निघाली: इंग्लिश अर्थतज्ज्ञ रिकार्डोचं अर्थशास्त्राच्या तत्त्वांवरचं आणि जेम्स मिलचा ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास. दोघे मित्र होते, रिकार्डोच्या मागे लागून मिलनेच त्याला लिहितं केलं. रिकार्डोचं म्हणणं थोडक्यात असं: सर्वांत निकस जमीन लागवडीचा खर्च आणि नेहमीचा नफा जेमतेम भरून काढते. तिच्याहून चांगल्या जमिनीत जे जास्त पिकतं, तो खंड. तो कोणाच्या कष्टाचा नाही, म्हणून करात सगळा घेतला तरी शेती बुडत नाही.

मिलने हिंदुस्थान पाहिला नव्हता, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. प्रस्तावनेत तो याला उणेपणा मानत नाही, उलट फायदा मानतो. हिंदू समाजाला त्याने संस्कृतीच्या शिडीवर खालच्या पायरीला बसवलं आणि जमिनीचा मालक इथे राजाच, असं ठरवलं. १८१९ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत रुजू झाला आणि महसुलाची पत्रं लिहू लागला. राजा मालक, म्हणून खंड सरकारचा. सरकार आता कंपनी, म्हणून खंड कंपनीचा. हा प्रयोग इंग्लंडात होणं शक्य नव्हतं. तिथले जमीनदार पार्लमेंटात बसले होते.

पुणे भागात तो झाला. कंपनीचे अधिकारी घडवणाऱ्या इंग्लंडातल्या हेलिबरीच्या कॉलेजात शिकून आलेल्या प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमाराला दख्खनची पाहणी हाती घेतली. मोजणी करायची, जमिनीच्या प्रती (दर्जे) लावायच्या, प्रत्येक प्रतीचं सरासरी पीक काढायचं, त्यातून बैल, बी, खत, मजुरी वजा करायची आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवायचा. पुढे सरकारी अहवालांनीच लिहून ठेवलं आहे, की वसुलीसाठी कुळांचा छळ झाला, माणसं गावं सोडून शेजारच्या संस्थानांत गेली, आणि काही भागांत लागवडीलायक जमिनीचा जेमतेम तिसरा हिस्सा वहिवाटीत राहिला.

प्रतिसाद १: ताळेबंद

घटना मान्य, कारण अमान्य.

पहिली गोष्ट, खंडावर कर ही कल्पना काळ्या माणसासाठी वेगळी काढलेली नव्हती. रिकार्डोचा रोख इंग्लंडच्या जमीनदारांवर आणि परदेशी धान्य रोखणाऱ्या धान्य कायद्यांवर होता. मिलने १८२१ च्या आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात इंग्लंडमध्येही खंडातली पुढची वाढ करपात्र धरावी असं सुचवलं. त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट आयुष्याच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हीच मागणी घेऊन चळवळीत उतरला.

दुसरी गोष्ट, प्रिंगलची पाहणी कोसळली ती हिशेबाच्या रचनेमुळे. समजा एका शेताचं खरं पीक १० रुपयांचं आणि खर्च ६ रुपये. निव्वळ ४, सारा २ रुपये २० पैसे. (आजच्या पैशांत मांडतो, सोपं जावं म्हणून.) आता पाहणीत पीक फक्त १० टक्के जास्त धरलं आणि खर्च १० टक्के कमी: ११ वजा ५.४०, निव्वळ ५.६०, सारा ३ रुपये ८ पैसे. दोन किरकोळ चुका, आणि सारा थेट ४० टक्क्यांनी जास्त. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढला की चूक अशीच फुगते. त्यावर धान्याचे भाव २५ टक्के उतरले, तर पीक साडेसात रुपयांचं, खर्च सहाच धरला तर हातात दीड रुपया, आणि सारा तीन रुपयांवर. यात शेतकऱ्याचा रंग कुठे येतो? भाव त्या वर्षांत उतरलेच होते. तुटपुंज्या पगाराचे मोजणीदार पैसे खाऊन प्रती बदलत होते, ते वेगळंच.

आणि दुसऱ्या बाजीरावाचा मक्ता विसरू नका. जो जास्त बोली लावेल त्याला परगणा, मग त्याने रयतेकडून ओरबाडायचं. तिथे ना मिल होता ना रिकार्डो.

प्रतिसाद २: उपरी

ताळेबंद, उदाहरण चांगलं आहे, पण खर्च सहा रुपयांवर स्थिर धरणं बरोबर नाही. बियाणं घरचं, गड्याची मजुरी बरीचशी धान्यात, बलुतंही धान्यातच. भाव उतरले की हा खर्चही रुपयांत उतरतो. खरा फास इथे आहे: खर्च धान्यात, सारा रोखीत. सारा भरायला खळ्यावरूनच माल विकावा लागतो, आणि सगळा गाव एकाच महिन्यात विकायला निघतो.

शिवाय खर्चात काय धरायचं यावरच सगळं अवलंबून. घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी लावली नाही तर निव्वळ उत्पन्न कागदावर फुगतं. लावली, तर हलक्या बरड जमिनीत काहीच उरत नाही. रिकार्डोच्या मांडणीत भांडवल घातलेला, मजूर लावलेला, नफा कमी झाला की दुसरीकडे जाणारा शेतकरी आहे. इंदापूरच्या कुणब्याला दुसरीकडे जायला होतं काय? निजामाची हद्द.

म्हणूनच १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी इंदापुरात निव्वळ उत्पन्नाचं गणित बाजूला ठेवलं. मोजणीला ३३ फुटांची साखळी, ३३ बाय ३३ चा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. मातीच्या खोलीवरून आणि पोतावरून नऊ प्रती, १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंत. मातीत चुनखड, वाळू, उतार किंवा पाणी साचण्याचा दोष असेल तर प्रत खाली. तालुक्याचा एकूण आकडा मात्र मागची वसुली, पाऊस आणि बाजारपेठेचं अंतर पाहून ठरवायचा, आणि ३० वर्षं बदलायचा नाही. प्रत ही फक्त शेताशेतांत तो आकडा वाटण्यासाठी. सातबाऱ्यावर आजही दिसणारा ‘आकार’ या पद्धतीचा वारस आहे.

प्रतिसाद ३: जिराईत

ताळेबंद, मिलच्या १८२१ च्या पुस्तकाचा दाखला तुम्हीच दिलात, बरं झालं. इंग्लंडसाठी तो फक्त *पुढची वाढ* का घ्यायला सांगतो? कारण तिथे जमीन खासगी झाली आहे, लोकांनी भरवसा ठेवून ती विकत घेतली आहे, तो भरवसा मोडणं अन्याय ठरेल. आता दख्खनमध्ये पाहा. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरागत होता, तो विकता येत असे, मिरासपत्र होत असे. पेशवाईनंतर दख्खनचा कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात मिरासीची नोंद आहे. म्हणजे हक्काची माहिती सरकारदफ्तरी होती. तरी खरेदीखताचा भरवसा इंग्रज मालकाच्या बाबतीत पवित्र आणि मिरासदाराच्या बाबतीत हिशेबात येत नाही. हा फरक वजाबाकीतून निघत नाही. ‘आशियात राजाच मालक, प्रजेला हक्क कसले’ या गृहीतकातून निघतो.

बाजीरावाचा मक्ता जुलमी होताच. पण मक्तेदार आपल्या लुटीला शास्त्र म्हणत नव्हता. मिलने १८३१ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना हीच पद्धत रयतेवर भार न टाकणारी म्हणून मांडली.

प्रतिसाद ४: ताळेबंद

मिरासीचा मुद्दा वजनदार आहे. तरी ‘वंश’ आणि ‘संस्कृतीची पायरी’ यांची गल्लत होते आहे. मिल पिता-पुत्र रक्ताचा सिद्धांत मांडत नव्हते, कायदा आणि शिक्षण बदललं की माणूस बदलतो असं मानत होते. वंशवाद्यांशी जॉन स्टुअर्ट उघड भांडला. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी उठली, मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना काही नाही. १८४९ च्या डिसेंबरात ब्रिटिश लेखक कार्लाईलने लिहिलं, की वेस्ट इंडीजच्या काळ्या मजुरांना कामाला जुंपावं. मागणी-पुरवठ्यावर सोडून द्या म्हणणाऱ्या अर्थशास्त्राला ‘रुक्ष, उदासवाणं शास्त्र’ हे नाव पडलं ते त्याच निबंधात. पुढच्याच महिन्यात जॉन स्टुअर्टने उत्तर छापलं. १८६५ साली जमैकात गव्हर्नर आयरने ४३९ माणसं मारली, तेव्हा त्याच्यावर खटला भरा म्हणणाऱ्यांच्या पुढे जॉन स्टुअर्ट होता आणि आयरच्या बाजूने कार्लाईल.

अर्थशास्त्राने स्वतःलाही दुरुस्त केलं. इंग्लिश अर्थतज्ज्ञ रिचर्ड जोन्सने १८३१ सालीच दाखवलं, की रिकार्डोचा खंड इंग्लंडसारख्या थोड्या मुलखालाच लागू पडतो, रयतेचा सारा ही निराळीच चीज आहे. अर्थतज्ज्ञ माल्थसच्या मागून १८३५ साली हेलिबरीत अर्थशास्त्र शिकवायला आला तो हाच जोन्स.

प्रतिसाद ५: उपरी

जॉन स्टुअर्ट मिलबद्दल अर्धंच सांगितलंत. ३५ वर्षं कंपनीची नोकरी करून १८५८ ला तो बाहेर पडला, आणि १८५९ च्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथात त्याने रानटी लोकांसाठी हुकूमशाही योग्य ठरवली, त्यांची सुधारणा हा हेतू असला की झालं. सुधारणा पुरी झाली हे कोण ठरवणार? राज्यकर्ताच. रक्ताचा सिद्धांत नसला तरी शिडीची वरची पायरी कधी येते हे वरचाच सांगतो.

पण आपल्याकडच्यांनाही सोडू नका. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ च्या डेक्कन कॉलेजमधल्या व्याख्यानात अचूक बोट ठेवलं: उष्ण कटिबंधाने कच्चा माल पिकवायचा आणि समशीतोष्ण युरोपाने कारखाने चालवायचे, ही वाटणी शास्त्राच्या नावाने खपवली जाते. त्याच रानड्यांनी दोन वर्षं आधी जावातल्या डच शेती पद्धतीची वाखाणणी केली होती. त्या पद्धतीत गावच्या जमिनीचा पाचवा हिस्सा निर्यातीच्या पिकांखाली सक्तीने घेतला जाई. रानड्यांना तिच्यात सरकारी भांडवलातून उद्योग उभे करण्याचा नमुना दिसला. कॉफी आणि ऊस लावणारा जावाचा शेतकरी त्या नमुन्यात कुठे बसतो?

प्रतिसाद ६: जिराईत

जावाचा आक्षेप बिनतोड आहे. दादाभाई नौरोजींचं उदाहरण मात्र मला वेगळं वाटतं. १८६६ साली मानववंशांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीत क्रॉफर्डने आशियाई वंश कमी प्रतीचे असं मांडलं, त्याला नौरोजींनी तिथेच निबंध वाचून उत्तर दिलं. दहा वर्षांनी ते आकड्यांकडे वळले. प्रांतवार पीक गुणिले भाव, असं करत माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढलं आणि शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला. सरकारच्याच तक्त्यांतून दिसलं, की कैद्यावर जेवढा खर्च होतो तेवढंही सरासरी माणसाच्या वाट्याला येत नाही. शिडीची भाषा बाजूला सारून प्रश्न ताटावर आणला.

प्रतिसाद ७: ताळेबंद

नौरोजींबद्दल आदर आहेच, पण हिशेब तोही तपासू. हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या इंडिया ऑफिसच्या डॅनव्हर्सने १८८० साली आक्षेप घेतला, की रेल्वेने माल हलवल्यावर त्याची किंमत वाढते ती धरलेली नाही. नौरोजींचं उत्तर होतं, की पंजाबचा गहू मुंबईला नेला म्हणून देशात गव्हाचा एक दाणाही वाढत नाही. आजच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात डॅनव्हर्सचा मुद्दा बरोबर ठरतो, वाहतूक ही सेवा धरावीच लागते. मात्र ती धरली की पुढचा प्रश्न येतो: त्या वाहतुकीच्या उत्पन्नातलं किती इथल्या हमालाच्या, गँगमनच्या हातात पडलं आणि किती हमी दिलेल्या व्याजाच्या रूपाने लंडनच्या भागधारकांकडे गेलं? हमीचा दर ५ टक्के होता, आणि रेल्वे कंपनीला तेवढा नफा झाला नाही तर तूट महसुलातून भरली जात होती.