पहिल्यांदा मेट्रोत बसलात तेव्हाचं सांगा: सांगली, मिरज, साताऱ्याची मंडळी, या इकडं

हळदीची_पोर
परवा ब्लाउजला हुक शोधताना आईचा बटणांचा डबा उपसला, तर तळाशी एक गोल निळं प्लॅस्टिकचं नाणं. दिल्ली मेट्रोचं टोकन. हुक राहिले बाजूला, मी तिथंच फरशीवर बसून राहिले.

२००९ च्या डिसेंबरात आम्ही दादाकडं दिल्लीला गेलो होतो. नाना मिरजेला रेल्वेत, ट्रॅकवर. उभा जन्म रुळावर गेला, त्यातली बरीच वर्षं मिरज-कुर्डुवाडी नॅरोगेजवर, म्हणजे रुळांमधलं अंतर कमी असलेल्या छोट्या लाइनीवर. दादा म्हणाला, चला नाना, मेट्रो दाखवतो. कश्मीरी गेट ते राजीव चौक. मी बघतेय दिवे, चकचकीत फरशी, बायकांचे कोट. आणि नाना प्लॅटफॉर्मच्या कडेला वाकून खाली बघताहेत. गार्ड शिट्टी मारतोय, पिवळ्या पट्टीच्या मागं व्हा म्हणतोय, हे तसेच. मग वळून दादाला म्हणाले, "आरं, खडी कुठाय?"

खडी नव्हतीच. रूळ थेट काँक्रीटवर बसवलेले. ज्या माणसानं आयुष्यभर खडी पॅकिंग केली त्याला ते उघडे रूळ बघून कसंसंच झालं असणार. गाडीत बसल्यावरही तोच विषय. राजीव चौकाला उतरताना परत एकदा वाकून बघितलं आणि म्हणाले, "पण गेज आपलीच हाय हां. ब्रॉडगेज." ते खरंच होतं. दिल्लीच्या सुरुवातीच्या लाइनी ब्रॉडगेज आहेत, नंतरच्या स्टँडर्ड. नानांनी नुसत्या नजरेनं सांगितलं.

तेव्हा बाहेर पडताना टोकन मशीन गिळून टाकायचं. नानांनी हे आधीच विचारून ठेवलं होतं आणि स्वतःसाठी दोन टोकनं घ्यायला लावली. दादा म्हणाला, एका माणसाला दोन कशाला? तर म्हणे, "एक वापरायला, एक ठेवायला. पैसे भरल्यात, फुकट न्हाई."

नानांना जाऊन सहा वर्षं होतील आता. आईला विचारलं, डब्यात हे कधी आलं? म्हणाली, मला काय माहीत, त्यांनीच टाकलं असंल.

तुमचंही लिहा. कुठलीही मेट्रो चालेल.

सातारी_तात्या
कोण म्हणतं आमच्याकडं मेट्रो नाही? पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर आहे की! २०२१ पासून जमिनीखालनं जातोय आम्ही. फक्त गाडी आपली आपण आणायची.

मिरज_जंक्शन
तात्या 😂
ताई, 'खडी कुठाय' वाचून हसलो आणि मग नाही हसलो. आमचे पप्पा पण लाइनवरचेच. नॅरोगेजची गाडी इतकी हळू जायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची, असं मिरजेतला प्रत्येक माणूस सांगतो. स्वतः बोरं तोडलेला अजून एक भेटायचाय मला. पण ती लाइन ब्रॉडगेज झाली म्हणून २०१६ ला इथनं लातूरला पाण्याची रेल्वे जाऊ शकली, हे मात्र लोक विसरले. असो. मेट्रोचं नंतर लिहितो, ड्यूटी आहे.

विश्रामबागवाली
कुकर लावलाय, घाईत लिहितेय. दिवाळीची खरेदी. एसटी स्वारगेटला, तिथनं तुळशीबाग म्हणजे रिक्षावाल्याशी हुज्जत ठरलेली. भाचा म्हणाला, मामी, खाली मेट्रो आहे, पुढचंच स्टेशन मंडई. सासूबाई सोबत, वय ७४.

सरकत्या जिन्यापाशी आल्या आणि थांबल्या. पाऊल पुढं, पाऊल मागं. पायरी निघून गेली की परत पुढं. एका हातात निऱ्या धरलेल्या, दुसऱ्यात नणंदेसाठी नेलेली भडंगाची पिशवी. म्हटलं आई, पिशवी द्या माझ्याकडं. पिशवी सोडेनात! मागं रांग लागली. शेवटी एक कॉलेजातली पोरगी पुढं झाली, पायरीवर उभी राहून मागं वळून म्हणाली, "आजी, खाली नका बघू, माझ्याकडं बघा." सासूबाईंनी डोळे गच्च मिटले (म्हणजे पोरीकडंही बघितलं नाही), मोरया म्हणाल्या आणि टाकलं पाऊल.

खाली पोचलो. मी सुटकेचा श्वास सोडतेय तोवर ह्या म्हणतात, "परत एकदा वर जाऊन येऊया का गं?"

घरी आल्यावर आठ दिवस शेजारणींना नुसता जिना सांगत होत्या. मेट्रोचं नावसुद्धा नाही. शिट्टी झाली, पळते.

कंदीपेढा
शिट्टी कुकरची का गार्डची?

गलाई_खानापूर
आमचं मूळ गाव विट्याजवळ, वडील कलकत्त्याला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. १९९६ ला मी नऊ वर्षांचा. बडाबाजारात एक खोली. तिथंच भट्टी, तिथंच जेवण, तिथंच झोप. तेजाबाच्या धुरानं डोळे चुरचुरायचे. मे महिन्यात तर आत उभं राहवायचं नाही.

रविवारी दुपारी पप्पा आम्हा दोघा भावांना महात्मा गांधी रोड स्टेशनात न्यायचे. जायचं कुठंच नसायचं. सगळ्यात स्वस्त तिकीट काढायचं आणि खाली गार हवेत बसायचं. डब्यात एसी नव्हता तेव्हा, पण खालची हवा गार असायची. पप्पा बाकावर बसल्या बसल्या झोपायचे. आम्ही येणाऱ्या गाड्या मोजायचो. बोगद्यातनं आधी वारा यायचा, मग उजेड, मग गाडी. वारा आला की धाकटा ओरडायचा, पप्पा दचकून उठायचे, परत झोपायचे. देशातली पहिली मेट्रो आहे ही, १९८४ ची, हे मला शाळेत कळलं. तोवर ती आमची झोपायची जागा होती.

एकदा पगार झाल्यावर लांब गेलो, रवींद्र सदनपर्यंत. तिथं भिंतीवर टागोरांचं हस्ताक्षर आहे. पप्पा बराच वेळ बघत उभे. म्हणाले, "खाडाखोड केलीया बघ, मोठ्या माणसानं पण."

आता पुढचं. २०२४ च्या मार्चमध्ये हावडा मैदान ते एस्प्लनेड मेट्रो सुरू झाली, हुगळीच्या खालनं. बायकोला मुद्दाम दाखवायला नेलं. बायको सांगलीवाडीची. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी फुटाफुटानं ऐकत रात्री काढलेली बाई. नदीखालचा पट्टा ५२० मीटरचा, तेवढ्यात बोगद्यात निळे दिवे लागतात. दिवे दिसले तशी हिनं माझा दंड धरला. "वर किती फूट असंल ओ?" मी म्हटलं, ४५ सेकंद कळ काढ. आयर्विनला ४५ फूट म्हणजे धोका पातळी. हा आकडा मी बोलायला नको होता. उतरल्यावर शर्ट वर करून बघितला, दंडावर चार नखं उमटलेली.

हळदीची_पोर
अहो किती सुंदर लिहिलंय! वारा, मग उजेड, मग गाडी. अगदी असंच होतं.

आटपाडीचा_पाहुणा
गलाईवाले, गाव कुठलं नेमकं? आमचा मामा कोइमतूरला आहे याच धंद्यात. मावसभाऊ गुवाहाटीला.

गलाई_खानापूर
म्हणजे आपण पाहुणेच निघणार. मेसेज करा, इथं नको, ताई रागावतील.

हळदीची_पोर
रागवत नाही, पण सोयरीक जमली तर जेवायला बोलवा.

कृष्णाकाठ
बायकोच्या 'वर किती फूट' ला सलाम. पुण्यातली मेट्रोपण मुठेच्या खालनं जाते बरं का, कसबा पेठ ते जिल्हा न्यायालयाच्या मधे. निळे दिवे नाहीत म्हणून कळत नाही. बोगदा खणणाऱ्या मशिनींची नावं मुठा, मुळा आणि पवना ठेवली होती. आपल्याकडं मेट्रो झाली तर एक कृष्णा, एक वारणा. तिसरी येरळा, पण ती वर्षातले आठ महिने कोरडी.

जावळीकर
आजोबा जावळीतनं गेले ते परळला गिरणीत लागले. चुलते अजून मुंबईत, आयुष्य लोकलच्या दारात गेलं. गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना ॲक्वा लाइननं आचार्य अत्रे चौक ते कफ परेड नेलं. अख्खी लाइन ३३.५ किलोमीटर आणि आरेचं एक स्टेशन सोडलं तर सगळी जमिनीखाली. बसायला जागा असून काका बसले नाहीत. दाराला खेटून उभे, एक हात दांड्याला, तोंड बाहेरच्या बाजूला. बाहेर काय दिसणार, काळा बोगदा. म्हटलं, काका, बसा की. म्हणाले, "वारं येईल की आता." दार बंद, त्याच्यापुढं प्लॅटफॉर्मला आणखी काचेचं दार. कफ परेडपर्यंत वाऱ्याची वाट बघत उभे होते.

उतरल्यावर म्हणाले चांगली आहे, पण गाडीत बसल्यासारखं वाटलं नाही.

सासवडे_सर
सिंगापूरला लेकीकडं गेलो होतो. तिथं मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर ५०० डॉलरपर्यंत दंड. आणि हिच्या पर्समध्ये सांगलीचं भडंग, पुडी सुटलेली. गाडीत बसल्यावर पर्स उघडली, लसणाचा वास डब्याच्या दुसऱ्या टोकाला. सगळे बघताहेत. मी अनोळखी असल्यासारखा दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. चाळीस वर्षांच्या संसारात हिनं एवढं कधी सुनावलं नव्हतं.

विश्रामबागवाली
सर 🤣 भडंग काढू नये हो, पण सोडूही नये. कुठलं होतं?

सासवडे_सर
ते सांगितलं तर धागा भडंगावर जाईल.

कंदीपेढा
गेलाच आहे. मुद्द्याचं: एका मोठ्या शहरात (नाव नको) मोबाइलवर तिकीट काढलं, उतरलो, गेटपाशी येईपर्यंत मोबाइल बंद. चार्ज संपला. आत अडकलो. एका आज्जींनी पॉवर बँक दिली. आज्जींनी! मी सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर.

लेक_लंडनला
लंडनला मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांना मोकळी. आम्ही नवराबायको शेजारी शेजारी उभे, गप्पा मारत, जसं आपण गणपती मंदिराच्या पायऱ्यांवर थांबतो तसं. मागनं 'सॉरी, सॉरी' ऐकू येतंय, मला वाटलं कुणाचं तरी भांडण लागलंय. तिथली मेट्रो १८६३ ची, तेव्हा भुयारात वाफेची इंजिनं चालायची म्हणे. धुराचं काय करत असतील?

मिरज_जंक्शन
मधे मधे उघडी जागा ठेवायचे धूर जायला. तरी खोकतच प्रवास व्हायचा. ड्यूटी संपली.

मृगनक्षत्र
आमची मेट्रो म्हणजे दवाखाना. दर पंधरा दिवसांनी, जवळजवळ वर्षभर. पहाटेची एसटी, स्वारगेट, खाली उतरा, जिल्हा न्यायालयाला परत वर चढा, वनाज-रामवाडीची गाडी. जिल्हा न्यायालयाचं खालचं स्टेशन ३३ मीटर खोल आहे. बाबा दरवेळी म्हणायचे, एवढ्या खाली आलोय तर यमाची गाठ घेऊनच जाऊ.

येताना ते मला उलट्या बाजूच्या गाडीत बसवायचे. संभाजी उद्यानाचं स्टेशन बघायला, पगडीच्या आकाराचं छप्पर आहे ना तिथं, डेक्कनलापण आहे. केमो झाल्यावर उलटी होत असायची, तरी पगडी बघायचीच. उतरायचे नाहीत. आतूनच मान वर करून बघायचे. मग म्हणायचे, चल, दिली सलामी, आता सांगली.

हळदीची_पोर
मृगनक्षत्र 🙏 काय बोलू.

गलाई_खानापूर
🙏

कृष्णाकाठ
ताई, बाबा आता कसे आहेत?

मृगनक्षत्र
नाहीत. जूनमध्ये. पण ठीक आहे, आज लिहून बरं वाटलं.

सातारी_तात्या
आता खरं सांगतो. एवढे विनोद करतोय पण मी मेट्रोत कधी बसलोच नाही. पुण्याला महिन्यातनं एकदा जातो. गुडघे गेलेत आणि तो जिना बघितला की घाम फुटतो. ही दरवेळी म्हणते चला, मी दरवेळी रिक्षा करतो. विश्रामबाग ताईंच्या सासूबाईंपुढं मी काहीच नाही.

विश्रामबागवाली
अहो तात्या, लिफ्ट आहे!!

कंदीपेढा
लिफ्ट आहे, तात्या. रस्त्यावरनं थेट खाली. कुणालाही विचारा.

सातारी_तात्या
हे मला कुणी सांगितलंच नाही इतके दिवस.

विश्रामबागवाली
तुम्ही विचारलंत कुठं? विनोद करत होतात.

आटपाडीचा_पाहुणा
जमलं! गलाईवाल्यांची आत्या आमच्याच वाडीत दिलीया.

हळदीची_पोर
पंगतीला कोण कोण येणार, हात वर करा.

सातारी_तात्या
आज जाऊन आलो. लिफ्टनं. ही जिन्यानं गेली आणि माझ्या आधी पोचली. सविस्तर रात्री लिहितो.

कंदीपेढा
तात्या, रात्र झाली.

मिरज_जंक्शन
तात्या, दुसरी रात्र झाली.

सातारी_तात्या
थांबा रे, एका बोटानं लिहितो मी. सविस्तर असं काही नाही. मंडईला उतरायचं होतं. हिच्याशी बोलत बसलो, मंडई गेली. कसबा गेलं. कोर्ट गेलं. मग गाडी वर आली आणि एकदम ऊन. ही म्हणाली, आता बसलोच आहोत तर शेवटपर्यंत जाऊया. पिंपरीला उतरलो. जादा पैसे भरायला लागले, ते हिच्या पर्समधनं दिले. तिथं काम काहीच नव्हतं, एकेक चहा घेतला आणि परत आलो. खडी बघायला वाकलो होतो, गुडघ्यामुळं जास्त वाकता आलं नाही. खाली बोगद्यात तरी नव्हती.