प्रतिसाद: ठिणगी आणि दारूगोळा

महायुद्धांची कारणं आणि परिणाम यांवरच्या लेखात, पहिलं महायुद्ध एका खुनामुळे पेटलं, असं म्हटलंय. मला ते अपुरं वाटतं. बोस्नियातल्या सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची हत्या २८ जून १९१४ ची, ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला. मध्ये अख्खा महिना होता! पण जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला, रशियाने सर्बियाच्या बाजूने सैन्य जमवायला घेतलं. जर्मन सेनापतींची योजना तर आधी बेल्जियममधून फ्रान्सवर जाण्याची. एकाने हालचाल केली की दुसऱ्याला थांबणं धोक्याचं वाटायचं. खरं कारण मला इथे दिसतं.

परिणामांची चर्चा मात्र युद्धानंतर जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहापाशीच अडते, याचं वाईट वाटतं. आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमारा इथे तुर्कांनी ब्रिटिश-भारतीय फौजेला घातलेल्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, आणि पुढे तुर्कांच्या कैदेत कित्येक जण दगावले. दुसऱ्या महायुद्धात तर १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात भरलेले! शेकडो माणसं गेली. आमची आजी तेव्हा ठाण्यात होती. तो दणका तिला शेवटपर्यंत आठवायचा.