मदत हवी आहे : बारोलो आणि बार्बारेस्कोची तळघरे एका द्राक्षबागायतदाराला पाहायची आहेत

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची सहा एकर द्राक्षबाग आहे. चार एकरांत खाण्याची द्राक्षे आहेत आणि उरलेल्या दोन एकरांत वाइनसाठीची शिराझ. येत्या वर्षी मी आणि सौ. इटलीला जाणार आहोत. रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स यांची माहिती भरपूर मिळते, पण मला जायचे आहे ते वायव्येकडील पिएमोन्ते प्रांतात, आल्बा या गावाभोवती पसरलेल्या लांगेच्या टेकड्यांमध्ये. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन वाइन तिथल्या. दोन्ही केवळ नेब्बिओलो या एकाच द्राक्षापासून बनतात. लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातो येथील द्राक्षबागांच्या प्रदेशाला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

तिथेच का, हे थोडे सविस्तर सांगतो, म्हणजे नेमकी कोणती मदत हवी आहे ते लक्षात येईल. आमचा माल वायनरीच्या काट्यावर गेला की पावतीवर वजन, साखरेचा ब्रिक्स आणि दर एवढेच उरते. माझी एक एकर बाग उताराच्या मुरमाड जमिनीत आहे आणि दुसरी खाली काळ्या जमिनीत. एकाच दिवशी तोडणी केली तरी दोन्हीकडच्या मण्यांची साल, बी आणि चव वेगळी लागते, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. टाकीत मात्र दोन्ही एकत्र होतात. बारोलोमध्ये २०१० पासून टेकडी-टेकडीची नावे आणि सीमा कायद्याने ठरवून दिलेल्या आहेत, अशी १८१ नावे आहेत आणि ती बाटलीवर छापता येतात. बार्बारेस्कोने हेच काम २००७ मध्ये केले. कान्नूबी या टेकडीचे नाव लिहिलेली १७५२ सालची एक बाटली तर आजही जपून ठेवलेली आहे. शेताचे नाव बाटलीपर्यंत कसे पोहोचते, मधल्या कोणत्या टप्प्यावर ते राखले जाते आणि त्यासाठी तळघरात काय वेगळे करावे लागते, हे मला उभे राहून पाहायचे आहे.

दुसरे कारण बार्बारेस्कोची सहकारी वायनरी, प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को. आल्ब्याच्या वाइन विद्यालयाचे प्रमुख दोमिझिओ काव्हात्सा यांनी १८९४ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र आणले होते, पण ती संस्था पुढे फॅसिस्ट राजवटीच्या काळात बंद पडली. १९५८ मध्ये गावच्या धर्मगुरूंनी एकोणीस लहान बागायतदारांना पुन्हा जोडले आणि पहिले तीन हंगाम वाइन चर्चच्या तळघरात केली. काही वर्षांपूर्वी एका वायनरीने करार असतानाही आमचा माल उचलला नव्हता. घड वेलीवर सुकताना पाहिले आणि पुढच्या छाटणीच्या आधी एक एकर शिराझ मुळासकट काढून टाकली. म्हणून त्या एकोणीस कुटुंबांची गोष्ट वाचल्यापासून ती माझ्या मनातून गेलेली नाही.

आता अडचणी सांगतो. नेब्बिओलो फार उशिरा पिकते, तिची तोडणी ऑक्टोबरात होते, आणि तेव्हाच तिथल्या दऱ्यांमध्ये धुके उतरते. तोडणी पाहण्याची इच्छा फार आहे, परंतु आमची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरातच येते आणि त्यानंतर पोंगा (नवी फूट निघणे) ते फुलोरा या काळात डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने बाग एक दिवसही सोडता येत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावर नव्या काड्यांसाठी करतात ती), मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, मुलगा बाग सांभाळू शकतो. त्या दिवसांत जाणे व्यर्थ ठरेल का?

आम्हा दोघांनाही इटालियन येत नाही. परदेशात गाडी चालवण्याचा धीर नाही. सौ. शाकाहारी आहे, अंडे चालते, मात्र वाइन ती घेत नाही. तळघरांच्या भेटी कशा ठरवायच्या, किती दिवस लागतील, आणि एका साध्या शेतकऱ्याशी ते लोक मनमोकळेपणे बोलतील का, हे कृपया सांगावे. शेवटचा प्रश्न थोडा वेगळा आहे. नेब्बिओलोच्या काडीच्या बुडाकडचे पहिले दोन-तीन डोळे (फुटीच्या कळ्या) घड देत नाहीत, म्हणून तिथे लांब काडी राखतात असे वाचले. आपल्याकडे गोडी छाटणीआधी काडी तपासणीला पाठवून कोणत्या डोळ्यात घड आहे ते पाहतात. आमच्या बागेतील एक काडी सोबत नेली तर त्यांच्याशी बोलणे सोपे होईल असे वाटते. नेता येईल का?

प्रतिसाद १

काका, मी नऊ वर्षांपासून तोरिनोमध्ये (ट्युरिन) राहते आणि दरवर्षी दोन-तीन वेळा लांगेमध्ये जाते. तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण इथे येणारे बहुतेक पाहुणे बाटलीबद्दल विचारतात, बागेबद्दल क्वचितच.

जूनमध्ये निःसंकोच या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आल्ब्यात पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी) जत्रा असते, राहण्याचे दर चढतात, आणि तोडणीच्या आठवड्यांत तळघरातील माणसांना मान वर करायला फुरसत नसते. तुम्हाला तासभर बोलायचे असेल तर ते दिवस सर्वांत अयोग्य. जूनच्या सुरुवातीला नेब्बिओलो साधारण फुलोऱ्यात असते, म्हणजे तुम्हाला ओळखीची अवस्था पाहायला मिळेल. धुके मात्र मिळणार नाही.

भेटीसाठी आधी ईमेल करणे आवश्यक आहे; दारात जाऊन उभे राहिल्यास लहान तळघरे बहुधा नम्रपणे नकार देतात. किमान तीन-चार आठवडे आधी, सोप्या इंग्रजीत, तारीख, वेळ आणि माणसे किती हे लिहा. पहिल्याच ओळीत ‘सोनो उन वितिकोल्तोरे इंदियानो’, म्हणजे मी भारतातील द्राक्षबागायतदार आहे, असे अवश्य लिहा. मी एकदा सांगलीच्या एका बागायतदार नातलगांना घेऊन गेले होते. एरवी पाऊण तासात आटोपणारी भेट अडीच तास चालली आणि त्यातला दीड तास आम्ही बागेत होतो. दुपारी साडेबारा ते अडीच सगळे जेवायला जातात आणि रविवारी अनेक ठिकाणे बंद असतात, म्हणून दिवसाला दोनच भेटी ठरवा, एक सकाळी दहाची आणि एक दुपारी तीनची.

तळघरात गेल्यावर आधी पिंपांकडे पाहा. परंपरेने चालणाऱ्या ठिकाणी स्लाव्होनियातील ओकची प्रचंड पिंपे असतात, काही तर माणसाच्या दुप्पट उंचीची, आणि प्रत्येकाच्या तोंडावर क्रमांक व लिटर लिहिलेली पाटी असते. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पाट्यांवर आहे. या टेकडीचा माल या पिंपात, त्या टेकडीचा त्या पिंपात, अशी वेगळी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते, तेव्हाच पुढे नाव लावता येते. बारोलो तोडणीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी १८ महिने लाकडात; बार्बारेस्कोसाठी हा काळ २६ महिने आणि ९ महिने आहे. म्हणजे २०२२ च्या तोडणीची बारोलो १ जानेवारी २०२६ च्या आधी विकता येत नाही. एवढा काळ पैसे अडकवून ठेवणे लहान शेतकऱ्याला एकट्याने परवडत नाही, आणि सहकारी संस्थेचे महत्त्व मला इथेच कळले.

बार्बारेस्कोच्या त्या संस्थेत सभासदांना आपले सगळे नेब्बिओलो संस्थेलाच द्यावे लागते. चांगल्या वर्षी नऊ टेकड्यांची वाइन वेगवेगळी बाटलीबंद होते, त्यांत आझीली, राबाया, ओव्हेल्लो ही नावे तुम्हाला दिसतील. वर्ष मनाजोगते नसेल तर त्या नऊ वाइन काढतच नाहीत, सर्व माल एकत्र करून साधी बार्बारेस्को बनते. नावाचा मान राखण्यासाठी नाव न लावण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. ते नेमके कधी आणि कोण ठरवते, हे तिथे आवर्जून विचारा.

चव घेताना दचकू नका. रंग डाळिंबाच्या पाण्यासारखा फिकट असतो, म्हणून वाइन हलकी असेल असे वाटते, पण जिभेवर आवळ्यासारखा तुरटपणा येतो. वास गुलाबाचा आणि डांबराचा, दोन्ही एकदम. घोट चाखून भांड्यात थुंकणे हा इथे अपमान मानत नाहीत, तिथले लोक स्वतः तसेच करतात.

काकूंच्या जेवणाबाबत काळजी घ्यावी लागेल. ‘आन्योलोत्ती देल प्लिन’ या छोट्या घड्यांच्या पास्त्यात बहुधा मांसाचे सारण असते, आणि भाज्यांसोबत येणाऱ्या ‘बान्या काउदा’ मध्ये लसणाबरोबर मासे शिजवलेले असतात, जे दिसत नाहीत. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ असे स्पष्ट सांगा. ‘तायारिन’ हा अंड्याच्या बलकातला बारीक पास्ता लोणी आणि सेजच्या पानांत मागवा, कास्तेलमान्यो चीज घातलेले न्योक्की मागवा, आणि इथल्या हेझलनटचे गोड पदार्थ तर सर्वत्र मिळतात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाला थोडी जोड देतो. आम्ही पुण्याहून दोघे गेलो होतो आणि मीही गाडी घेतली नव्हती. तोरिनोहून ब्रामार्गे आल्ब्यापर्यंत रेल्वे जाते. मुक्काम आल्ब्यात ठेवा, कारण टेकड्यांवरच्या गावांना बस मोजक्याच असतात आणि रविवारी तर त्यांच्यावर विसंबून राहू नये. भेटीच्या दिवसांसाठी चालकासह गाडी ठरवावी. दोन दिवसांचा तो खर्च मला पूर्णपणे योग्य वाटला. इटलीत चालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक मद्य चालत नाही, त्यामुळे स्वतः गाडी चालवून दोन तळघरे करणे तसेही बरे नव्हे.

माझ्या मते तुम्हाला चार दिवस हवेत. एक दिवस पूर्णपणे बार्बारेस्को गावाला द्या. तिथल्या जुन्या बुरुजावरून तानारो नदी आणि टेकड्या एका नजरेत येतात, आणि वापरातून निघालेल्या सान दोनातो चर्चमध्ये प्रदेशातील अनेक उत्पादकांच्या वाइन एकत्र चाखता येतात. दुसरा दिवस ला मोर्रा आणि बारोलो या गावांना द्या. ला मोर्राच्या चौकातून खाली पाहिले की ओळी कोणत्या दिशेने लावल्या आहेत ते स्पष्ट दिसते. नियमानुसार बारोलोची बाग दरीच्या तळाला, ओलसर सपाटीवर किंवा थेट उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर लावता येत नाही, आणि हेक्टरी आठ टनांहून अधिक माल घेता येत नाही. एकरी सव्वातीन टन हा आकडा वाचून तुम्हाला काय वाटेल, याची कल्पना करू शकतो.

तिसरा दिवस सेरालुंगासाठी राखा. ला मोर्राकडची निळसर चिकण चुनखडीची माती तुलनेने मऊ आहे, सेरालुंगाकडची अधिक जुनी आणि घट्ट, आणि तिथली वाइन तरुणपणी अधिक कठोर लागते. दोन्ही गावांची एकाच वर्षाची वाइन शेजारी ठेवून चाखा. तुमच्या मुरमाड आणि काळ्या जमिनीचा प्रश्न तिथे पेल्यात समोर येईल.

चौथ्या दिवशी कानेल्लीला जावे, तिथे काकूंनाही आवडेल. गावाखाली दगडात कोरलेल्या उंच कमानींच्या वाइन-गुहा आहेत, ज्यांना तिथले लोक भूमिगत कॅथेड्रल म्हणतात. इटलीची पहिली फेसाळ वाइन १८६५ मध्ये याच गावात बनली. आत गारवा असतो, जूनमध्येही शाल सोबत ठेवा.

परतताना भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे दोघांत मिळून नेहमीच्या मापाच्या चार बाटल्या धरून चाला. त्या मोठ्या सामानातच ठेवाव्या लागतील.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

ताई, आणि पुण्याचे दादा, आपण दोघांनी जो वेळ काढला त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सौ.ने जेवणाचा परिच्छेद वहीत उतरवून घेतला आहे. आम्ही १ जूनच्या सुमारास आल्ब्यात चार रात्री राहायचे ठरवत आहोत.

सव्वातीन टनांचा आकडा मी मुलालाही दाखवला. आमच्याकडे खाण्याच्या द्राक्षाला एकरी दहा-बारा टन घेतात आणि वाइनच्या बागेतही अधिक वजनाचा मोह सुटत नाही, कारण पैसे वजनावर मिळतात. म्हणून सहकारी संस्थेत पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, की कमी माल ठेवणाऱ्या सभासदाचे नुकसान ते कसे भरून काढतात. दुसरा प्रश्न ताईंनी सुचवलेला, टेकडीचे नाव न लावण्याचा निर्णय कोण घेते हा. ईमेल आज लिहितो आणि पाठवण्याआधी इथे टाकतो, इटालियन ओळ तेवढी तपासून द्यावी.

काडीबद्दल मात्र कोणीच लिहिलेले नाही. ती नेण्याची इच्छा अजून आहे.

प्रतिसाद १ चे पुढचे उत्तर

काका, ते लिहायचे राहिले. काडी कृपया आणू नका. बाहेरच्या देशांतून द्राक्षवेलीची काडी किंवा रोप युरोपीय संघात आणण्यास मनाई आहे, आणि इथून नेब्बिओलोची काडी नेण्याचाही विचार करू नका. या भागात ‘फ्लाव्हेशेन्त्सा दोराता’ नावाचा, तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग आहे. पाने पिवळी किंवा लाल पडतात, घड सुकतात आणि वेल उपटून टाकावी लागते, त्यामुळे इथले बागायतदार याबाबतीत अतिशय दक्ष असतात. बागेत पाऊल ठेवण्याआधी मालकाची परवानगी घ्या आणि दोन बागांच्या मध्ये बूट स्वच्छ करा. तुम्ही स्वतःहून बूट पुसलेले पाहिले की समोरच्याला लगेच कळते, आलेला माणूस बागेतला आहे.

काडीऐवजी छायाचित्रे आणा. तपासणीच्या वेळी डोळा उभा कापून भिंगाखाली पाहतात, तेव्हाचे एक छायाचित्र, तुमच्या मुरमाड एकरातील मातीचे एक, आणि छाटणीच्या आधी व नंतर त्याच वेलीची दोन. मोठ्या आकारात छापून आणा, तळघरात मोबाइलचा पडदा नीट दिसत नाही. आणि १ जूनच्या आठवड्यात मी तोरिनोमध्येच आहे. बार्बारेस्कोची भेट शनिवारी ठरली तर भाषांतरासाठी सोबत येईन.