व्हॉलंटरी पॉव्हर्टी : दारिद्र्य, दैन्य की फकिरी?

गोदाकाठ : पॅरिशसाठी, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीसाठी, सिस्टरांच्या (नन्सच्या) तीन व्रतांवरची छोटी पुस्तिका मराठीत करतोय. ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन जमलं. पहिल्या व्रताला 'स्वेच्छा दारिद्र्य' लिहिलं, तर आत्यानं वाचतानाच अडवलं : "दारिद्र्य काय घ्यायची गोष्ट हाय का लेकरा? ते भोगावं लागतंय." बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडलीय, सुकडीवर दिवस काढलेत. तिच्यापुढे हा शब्द पवित्र म्हणून कसा ठेवू? दुसरा सुचवा.

जुनाजालना : अपरिग्रह. तयार शब्द आहे, सगळ्यांना कळतो.

गोदाकाठ : अपरिग्रह म्हणजे साठवण न करणं. हे त्यापुढचं आहे. नर्स असलेल्या सिस्टरचा पगार सिस्टरांच्या संघाच्या खात्यात जातो, नवी चप्पल घ्यायची तरी सुपीरियरला, म्हणजे मठाच्या प्रमुखांना, विचारावं लागतं. मालकीच सोडलेली असते.

लातूरवाचक : आत्याबाईंचा मान राखून सांगतो, शब्द बदलू नका. बायबलातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (८:९) ख्रिस्त धनवान असता तुमच्याकरता 'दरिद्री' झाला, असंच आहे. ख्रिस्ताला लावलेला शब्द आपल्या व्रताला जड का व्हावा?

शहागंज : आमच्याकडे 'फकिरी घेतली' म्हणतात, आणि 'घेतली' म्हणजे आपणहून. खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. चौदाव्या शतकातले सूफी, बिरुदच 'गरीब'. अरबीत गरीब म्हणजे मुळात परका, परदेशी. या जगात परक्यासारखं राहणं हेच तर व्रत!

शुद्धलेखन : सुंदर आहे, पण ख्रिस्ती पुस्तिकेत फारसी-अरबी कशाला? 'अकिंचनता' घ्या, म्हणजे जवळ काहीच नसणं. मराठीला स्वतःचं असताना उसनं का आणायचं?

शहागंज : अकिंचनता मराठीची स्वतःची कधी झाली? बाजारात कुणी म्हणतं का? पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना संस्कृतप्रचुर भाषा मुद्दाम टाळली, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. गरीब, फकीर हे शब्द माझ्या आजीच्या तोंडचे आहेत.

जुनाजालना : मग 'दीन' का नको? 'दीन ते धन्य' हे येशूचं वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात 'आत्म्याने दीन' असं आहे, लूककडे नुसतंच 'दीन'.

शहागंज : आमच्या शहरात बऱ्याच जणांना दीन म्हटलं की अरबीतला 'दीन', म्हणजे धर्म, ऐकू येतो.

वस्तीतला : शब्दाआधी एक बघा. आमचे पणजे ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्याकडे सोडायला काहीच नव्हतं. गावानं त्यांना जे दिलं होतं त्याला दारिद्र्यच म्हणतात, आणि ते देवाला आवडतं असं आम्हाला कुणी सांगू नये. 'दीन ते धन्य' ऐकवून मजुरी कापणारा माणूस मी पाहिलाय. लादलेल्याला आणि घेतलेल्याला एकच शब्द वापरला की फायदा लादणाऱ्याचा होतो. आत्याबाई बरोबर आहेत.

लातूरवाचक : तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरीही शब्द वेगळा केला तर व्रत घेणाऱ्याचं आत्याबाईंशी नातं काय उरलं? तिच्या पंक्तीला बसायचं म्हणूनच तर ते घ्यायचं ना?

वस्तीतला : पंक्तीला बसा. पण तुम्हाला उठून जाता येतं, तिला येत नव्हतं.

शुद्धलेखन : 'संन्यास'चा विचार केलात का? रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासच घेतला.

गोदाकाठ : संन्यासात पैशापेक्षा घरदार सोडणं आधी डोळ्यांपुढे येतं. मला पैशाचा शब्द हवाय.

जुनाजालना : दारिद्र्यावरून आठवलं, 'अठरा विश्वे दारिद्र्य' कुठून आलं? आमचे गुरुजी सांगायचे, विश्वे म्हणजे वीस. अठरा गुणिले वीस तीनशे साठ, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस.

लातूरवाचक : तसं नसावं. उत्तरेकडच्या मोजणीत बिघ्याचे वीस बिस्वे. वीसातले अठरा भाग दारिद्र्य, असा अर्थ.

वस्तीतला : मराठवाड्यात बिस्वा कुठला? आमच्या १९५४ च्या खासरापत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीत, एकर-गुंठेच आहेत.

लातूरवाचक : म्हण खासरापत्रकाहून जुनी आहे. वर्षाचा हिशोब मला ओढूनताणून वाटतो. दिवस मोजायला 'विश्वे' वापरल्याचं दुसरं एक तरी उदाहरण दाखवा.