वेबवरचं फॅशन मासिक छापील करावं का? अनुभव असेल तर सांगा

सुईदोरा
आम्ही तिघी मैत्रिणी अडीच वर्षं मराठीत एक फॅशन वेब मासिक चालवतोय, म्हणजे हातमाग, आईच्या जुन्या साड्यांचे कुर्ते, गल्लीतल्या शिंपीकाकांच्या मुलाखती असलं सगळं. वाचक सारखे विचारतात छापील कधी काढताय. मला ना रुकीचं उदाहरण सारखं आठवतं, शिकागोजवळच्या ओक पार्कची टॅवी गेविन्सन, २००८ मध्ये अकरा वर्षांची असताना कपड्यांवर ब्लॉग सुरू केला, २०११ मध्ये रुकी हे वेब मासिक काढलं आणि २०१२ ला त्याचं छापील इयरबुक हातात! तर आम्ही दर महिन्याला ६४ पानी अंक काढावा असं डोक्यात आहे. हसू नका प्लीज.

जुना_वाचक
हसत नाही, पण दर महिन्याला?? रुकीनं मासिक कधी छापलंच नाही हो. वर्षभर साइटवर जे आलं त्यातलं निवडून एक जाडजूड पुस्तक, असं वर्षाला एक, आणि अशी चारच निघाली. तीही स्वतःच्या खिशातून नाही, पहिली दोन माँट्रियलच्या ड्रॉन अँड क्वार्टरलीनं काढली (मुळात कॉमिक्सवाले लोक), पुढची पेंग्विनच्या रेझरबिलनं, म्हणजे कागद, छपाई, दुकानात पोचवणं ही सगळी डोकेदुखी त्यांची. साइटवरसुद्धा रोज तीनच पोस्ट, शाळा सुटल्यावर एक, जेवणाच्या वेळी एक, झोपताना एक. एवढं नेमकं करूनही २०१८ च्या नोव्हेंबरात बंद पडलं, पैशाचं गणित बसत नाही असं टॅवीनंच लिहिलं होतं. पुस्तकं सुंदरच होती, त्याबद्दल वाद नाही.

बूटवेडा
उलटं उदाहरण देतो. हाइपबीस्ट. केविन मा यानं २००५ ला व्हँकुव्हरमध्ये शिकत असताना नुसता स्नीकर्सचा ब्लॉग म्हणून सुरू केलं, छापील अंक २०१२ ला आला म्हणजे सात वर्षांनी!! आणि तोवर जाहिराती येत होत्या, त्याच वर्षी ऑनलाइन दुकानही उघडलं. २०१६ ला तर कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात गेली. माझ्या मते छापील अंक हा तिथं शोकेसमधला पुतळा आहे, गल्ला दुसरीकडे भरतो. तुमचा गल्ला कुठंय ते आधी बघा.

डीटीपीवाला
पैशाचं हे लोक सांगतायत, मी फोटोंचं सांगतो कारण तिथंच रडायची वेळ येते. इन्स्टावरचा फोटो १०८० पिक्सेल रुंद असतो, छपाईला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) धरा, म्हणजे तो छापून येणार ३.६ इंच, जेमतेम नऊ सेंटिमीटर. पानभर टाकलात की फुटलाच समजा. तेव्हा मूळ फाइली फोटोग्राफरकडे आहेत का ते आजच विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो मला पाठवू नका (हे मी दर दिवाळीला सांगतो, दर दिवाळीला तेच येतात). दुसरं म्हणजे रंग. स्क्रीनवर झगमगणारा राणी कलर चार रंगांच्या छपाईत मेलेला दिसतो, आणि साड्यांच्या अंकात तोच मेला तर राहिलं काय? प्रूफ कागदावर घ्या, मोबाइलवर पीडीएफ बघून ओके म्हणू नका. ६४ पानं चालतील, १६ पानांचे चार फॉर्म (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घालतात तो गठ्ठा) बसतात. २००-३०० प्रतीच हव्या असतील तर डिजिटलवर काढा, ऑफसेटला (प्लेटा बनवून करतात ती छपाई) प्लेटांचा खर्च ५० प्रतींना तेवढाच आणि ५ हजारांना तेवढाच. आणि हो, ज्या बायकांचे फोटो आहेत त्यांनी वेबसाठी हो म्हटलं होतं, छापायला परत विचारावं लागेल.

कोपऱ्यातली_मावशी
अगं पोरी, वर्षातून एकदाच काढायचं तर आपल्याकडे ती सवय १९०९ पासून आहे, ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक तेव्हा निघाला. आमच्या वाचनालयात एक अंक चाळीस घरं फिरून येतो, पार कव्हर सुटेपर्यंत. साडीच्या दुकानांना जाहिरात द्यायला तोच मोसम बरा, फक्त गणपतीच्या आधी त्यांच्याकडे जा, नंतर त्यांना मान वर करायला फुरसत नसते. पण दिवाळीत स्टॉलवर एवढे अंक असतात की नवा कुणाला दिसत नाही, म्हणून आधी नावं नोंदवून पैसे घे आणि तेवढ्याच प्रती छाप. आणि दर महिन्याचाच हट्ट असेल तर नियतकालिकाची नोंदणी आली, मार्च २०२४ पासून ती ऑनलाइन प्रेस सेवा पोर्टलवर होते, शीर्षक मिळतंय का तेही तिथंच कळतं.

सुईदोरा
सगळ्यांना थँक्यू, मासिकाचं भूत उतरलं 😅 रात्री तिघी फोटो घेऊन बसलो, १४० पैकी मूळ फाइल असलेले ३८ निघाले. शिंपीकाकांचा तर एकही नाही, त्यांच्याकडे रविवारी परत कॅमेरा घेऊन जातोय. डीटीपीवाले दादा, ३८ फोटोंत ६४ पानं ताणायची की ४८ च करू?

डीटीपीवाला
४८. काकांचा फोटो दुकानाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको.