मुलं बातमी लिहायला बसतात आणि निबंध लिहून उठतात

खडूफळा:
आमच्याकडे नववीला पत्रकारितेचा तास सुरू झालाय आणि मराठी शिकवते म्हणून तो माझ्या वाट्याला आलाय. तक्रार नाही, मजा येतेय. पण गाडी एका ठिकाणी अडलीय. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे सहा प्रश्न मुलांना झोपेतून उठवून विचारले तरी येतात. उलटा पिरॅमिड, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली अशी बातमीची मांडणी, वहीत काढलाय, काहींनी रंगवलाय सुद्धा. आणि बातमी लिहा म्हटलं की हे असं येतं:

"ग्रंथ हेच आपले खरे गुरू होत. वाचनाचे महत्त्व आपण सर्व जाणतोच. अशा या आमच्या शाळेच्या ग्रंथालयाचे नूतनीकरण होणार असल्याने विद्यार्थ्यांमध्ये उत्सुकतेचे वातावरण आहे. सोमवारपासून पंधरा दिवस ग्रंथालय बंद राहणार असून पुस्तके शनिवारपर्यंत परत करावीत."

शुद्धलेखनाची एक चूक नाही. अशाच सुरुवातीला सगळीकडे पैकीच्या पैकी मिळतात, मग पोरांना तरी काय बोलणार? वर्तमानपत्रात काम करणारं कुणी असेल तर सांगा, नक्की काय करून घ्यायचं?

रात्रपाळी:
बाई, उपसंपादक आहे, अशा बातम्या रोज हाताखालून जातात. शेवटचं वाक्य उचलून सगळ्यात वर ठेवा: "शाळेचे ग्रंथालय सोमवारपासून पंधरा दिवस बंद राहणार असून, घरी नेलेली पुस्तके शनिवारपर्यंत परत करायची आहेत." झाला इंट्रो, म्हणजे बातमीचं सुरुवातीचं वाक्य. ग्रंथ आणि गुरू उडवून टाका, कुणाचं काही अडणार नाही.

पिरॅमिड रंगवून घेण्यापेक्षा तो का उलटा आहे ते सांगा. पूर्वी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छपाई व्हायची तेव्हा पान भरलं आणि मजकूर उरला, की बातमी पुन्हा लिहीत बसायला वेळ नसे. खालचा परिच्छेद काढायचा, तरी उरला तर त्याच्या वरचा. म्हणून कामाचं सगळं आधी. वर्गात कात्री घेऊन बसा. प्रत्येकाची बातमी खालून परिच्छेद-परिच्छेद कापत जा आणि दर कापाला विचारा, अजून कळतेय का काय झालं ते? तुमच्या नमुन्यातलं शेवटचं वाक्य कापलं, की मुलं शनिवार उलटल्यावर पुस्तकं घेऊन येणार.

आणि ते "उत्सुकतेचे वातावरण". किती जणांना विचारलं? कुणाला विचारलंच नसेल तर ते वाक्य बातमीत राहू शकत नाही. एका मुलीला विचारलं आणि ती म्हणाली, "परीक्षा तोंडावर आहे, आता अभ्यासाला बसायचं कुठे?" तर ते तिच्या नावानिशी लिहा. त्यापुढे वातावरणाची गरज पडत नाही.

तिरकस:
मुलांनाच का धरता? "कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला" हे मोठी माणसं पगार घेऊन लिहितात.

रात्रपाळी:
@तिरकस, मान्य. आमच्याकडे "संपन्न" दिसला की मी "झाला" करतो, तेवढीच कीबोर्डवरची झीज वाचते.

कोरा_कागद:
मी अकरावीत आहे, आमच्या शाळेत असा तास होता. सरांनी एकदा वर्गात येऊन नुसतं जाहीर केलं, "स्नेहसंमेलन पुढे ढकललंय, प्रश्न विचारा." आम्ही का, कुणी ठरवलं, नाचाचं काय, सगळं विचारलं आणि बातम्या लिहून दिल्या. सरांनी गठ्ठा न वाचताच परत केला. नवी तारीख एकानेही विचारली नव्हती! त्यांच्याकडे ती होती, पण विचारल्याशिवाय सांगायची नाही असं ठरवूनच आले होते. बाई, हा खेळ नक्की घ्या. मजकूर आयता दिला तर लिहायची सवय होते, विचारायची होत नाही. आणि नावं ज्याची त्याच्याकडून अक्षर न अक्षर लिहून घ्यायला सांगा. पाठीमागून उभं राहून "तेच ना ते" चालत नाही.

खडूफळा:
कात्री आणि सरांचा खेळ, दोन्ही करून पाहिलं. पहिल्या दिवशी रुसवेफुगवे झाले, पण आता सुविचार बंद झालेत! पण त्यातून दुसरंच निघालं. एका मुलीने "नूतनीकरण का?" असं विचारत शोध घेतला. ग्रंथालयाचं छत गळतंय आणि दोनशे पुस्तकं भिजली, असं तिने लिहून आणलंय. मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं, ते म्हणाले छताचं काढून टाका. मुलगी हिरमुसलीय. मी काय करू?

रात्रपाळी:
आधी मुलीला शाबासकी द्या, तिला बातमी सापडलीय. मग तिलाच उलटतपासणीला उभं करा. दोनशे कुणी मोजली? ग्रंथपालांनी यादी केलीय, की शिपाईकाका म्हणाले "शे-दोनशे असतील"? यादी असेल तर तो आकडा ग्रंथपालांच्या नावावर जाईल. अंदाज असेल तर तसं लिहायचं किंवा आकडाच गाळायचा. "सूत्रांकडून समजते" शाळेच्या अंकात नको, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

मोठ्यांचंही इथेच घसरतं. १९४८ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत 'शिकागो ट्रिब्यून'ने उमेदवार ड्युई यांनी तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमन यांना हरवल्याचा मथळा छापला आणि निवडून आले ट्रूमन. जुळाऱ्यांचा, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांचा, संप चालू होता, त्यामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर छापायला सोडावा लागला होता. निकाल पुरते आले नव्हते, तेव्हा अंदाजावर मथळा गेला. तो अंक हातात धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचा फोटो वर्गात लावा.

मुख्याध्यापकांचं म्हणाल तर, त्यांची बाजू घेतलीय का? बहुतेक नसणार. मुलीने वेळ मागून जावं. ते जे म्हणतील ते बातमीत जाईल आणि "दुर्लक्ष", "दुरवस्था" असले शब्द जाणार नाहीत. छत गळतंय ही माहिती आहे, दुर्लक्ष झालं हे मत आहे. आपलं म्हणणं आत आलंय म्हटल्यावर बरीच माणसं निवळतात. तरीही नको म्हणाले तर अंक शाळेचा आहे, शेवटचा शब्द त्यांचा. पण काय काढलं आणि का काढलं हे मुलीला तोंडावर सांगितलं जावं. गुपचूप गाळू नका.

खडूफळा:
यादी आहे! ग्रंथपालांकडे १४३ पुस्तकांची नोंद निघाली. मुख्याध्यापकांनी बुधवारी मधल्या सुट्टीनंतर भेटायला बोलावलंय. मुलीने प्रश्न लिहिलेत, पहिलाच आहे "छत कधीपासून गळतंय आणि आजवर काय केलंत?"

रात्रपाळी:
प्रश्न चांगला, जागा चुकली. शिवाय ते दोन प्रश्न आहेत, एकात विचारले तर सोपं उत्तर तेवढं मिळेल. सुरुवात "काम कधी पूर्ण होणार" इथून करू दे, त्याचं उत्तर त्यांना द्यायचंच असणार. मग "भिजलेल्या पुस्तकांचं काय करणार". छत कधीपासून गळतंय हे तिसरं, आणि ते विचारून झाल्यावर तिने गप्प बसायचं, मध्ये भर घालायची नाही. निघण्याआधी आकडे आणि तारखा त्यांना वाचून दाखवायच्या. बरोबर दुसरा एक विद्यार्थी टिपणं घ्यायला न्या.