शब्दचर्चा: ‘प्रतिभावान’, ‘अश्लील’ आणि फ्रँक झापा

अमेरिकन रॉक संगीतकार आणि गिटारवादक फ्रँक झापावर थोडं लिहितोय आणि एका वाक्यापाशी गाडं अडलंय. वाक्य असं, "झापा अत्यंत प्रतिभावान होता पण त्याची बरीच गाणी अश्लील आहेत." तसं चूक काही नाही तरी वाचताना पटत नाहीये. इंग्रजीत लोक प्रॉब्लेमॅटिक म्हणून मोकळे होतात, मराठीत काय लिहायचं? आक्षेपार्ह? जाणकारांनी सांगा.

---

आक्षेपार्ह नकोच हो, तो शब्द पंचनाम्यातच शोभतो. पण माझ्या मते खरी गोची ‘अश्लील’मध्ये आहे, ‘प्रतिभावान’कडे नंतर येतो.

अश्लील म्हटलं की आता आपल्याला लैंगिक तेवढंच आठवतं, जुन्या काव्यशास्त्रात हा शब्द बराच ऐसपैस होता. अकराव्या शतकातल्या मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याचे दोष सांगताना अश्लीलाचे तीन प्रकार केलेत, व्रीडा म्हणजे ऐकून लाज वाटते ते, जुगुप्सा म्हणजे किळस येते ते, आणि अमंगल म्हणजे अभद्र वाटतं ते. (ग्राम्य हा दोष त्याने वेगळा धरलाय, आपण दोन्हींची खिचडी करतो.) आता बघा, तिन्हीत मोजमाप ऐकणाऱ्याच्या मनाचं आहे. मला लाज वाटली, मला किळस आली. गाणं ज्याच्याबद्दल आहे त्याचं काय, हे त्यात कुठेच येत नाही आणि झापाच्या बाबतीत भांडण तर नेमकं त्यावरच आहे.

१९७९ चा ‘शीक यरबूटी’ अल्बम घ्या. त्यात ‘ज्यूइश प्रिन्सेस’ आहे, ज्यू मुलींबद्दल जे काही ठरीव टोमणे चालत आलेत ते एकत्र करून गायलेत. ज्यूंच्या बदनामीविरुद्ध काम करणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीगने अमेरिकेच्या एफसीसीकडे, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडे, तक्रार केली, झापाने माफी मागितली नाही, उलट त्याच वर्षी ‘जोज गराज’मध्ये ‘कॅथलिक गर्ल्स’ आणलं, म्हणजे सगळ्यांनाच झोडपतोय मग तक्रार कसली असा हिशोब दिसतो. मला तो हिशोब पटत नाही कारण दोन्हीकडे मार पोरींनाच बसतोय! पण शब्दापुरतं बोलायचं तर इथे लाज किंवा किळस हा मुद्दाच नाही, गाणं कुणालातरी हिणवतंय हा मुद्दा आहे. ‘हिणवणारं’ म्हणा की सरळ. साधा शब्द आहे, आणि तो लिहिला की ‘कुणाला?’ हे लगेच सांगावं लागतं. ‘अश्लील’ लिहून ते टाळता येतं.

त्याच अल्बमवरचं ‘बॉबी ब्राउन’ जास्त अवघड आहे. अमेरिकेत रेडिओने ते लावलं नाही, स्कँडिनेव्हियात मात्र दणकून चाललं. गाणं प्रथमपुरुषी आहे, कॉलेजातला एक माजोरडा पोरगा स्वतःच्या फुशारक्या मारतोय, मुलींवर जबरदस्ती करण्याच्यासुद्धा. यासाठी आपल्याकडे फार नेमका वाक्प्रचार आहे, शब्द ‘तोंडी घालणे’. म्हणजे बोलतोय बॉबी, झापा नाही. पण तोंडी घातलं म्हटलं की लगेच सुटका होते असं काही नाही, हसू कुणाचं होतंय ते बघावं लागतं. अमेरिकन गायक-गीतकार रँडी न्यूमनचं १९७२ चं ‘सेल अवे’ गुलामांच्या व्यापाऱ्याच्या तोंडी आहे, आफ्रिकेतल्या माणसाला अमेरिका किती छान म्हणून भुलवतोय, चाल इतकी गोड की पोटात गोळा येतो, आणि शेवटपर्यंत पितळ उघडं पडतं ते त्या व्यापाऱ्याचंच. ‘बॉबी ब्राउन’मध्ये पहिल्या अर्ध्यात तसं होतं, फुशारक्या मारणारा बॉबी हास्यास्पद ठरतो. नंतर मात्र एका स्त्रीवादी बाईशी गाठ पडून तो ‘बिघडला’ आणि समलिंगी झाला असा विनोद सुरू होतो, आणि हसू बॉबीवरून उठून त्या बाईवर आणि समलिंगी पुरुषांवर जाऊन बसतं. म्हणून ‘ते पात्र बोलतंय’ ही सबब अर्ध्या गाण्यापुरतीच चालते.

‘अश्लील’ नको म्हणतोय त्याला अजून एक कारण आहे. १९८५ मध्ये पीएमआरसी नावाच्या संस्थेने रेकॉर्डवर इशाऱ्याचं लेबल लावा म्हणून मोहीम काढली, १९ सप्टेंबरला अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, त्यात झापा विरोधात बोलला. बरोबर जॉन डेन्व्हर आणि डी स्नायडर हे गायकही होते. त्या मोहिमेत सगळा भर सेक्स, हिंसा, ड्रग्ज यावर होता, आणि त्या भांडणात मी पूर्ण झापाच्या बाजूने आहे. तुम्ही ‘अश्लील’ लिहिलंत की वाचक तुम्हाला त्या लेबलवाल्यांच्या रांगेत बसवणार, तक्रार वेगळी असूनसुद्धा.

आता प्रतिभा. जुन्या काव्यशास्त्रातल्या भट्ट तौताची व्याख्या तुम्हाला माहीत असेलच, नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा, सतत नवं काही फुटत राहणारी बुद्धी. मम्मट काव्याच्या कारणात शक्ती (म्हणजेच प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास अशी फोड करतो. आपण मात्र गिटार जोरात वाजली की प्रतिभावान म्हणतो, बोटं जलद चालणं ही निपुणता झाली, फार तर अभ्यास. झापाकडे तिन्ही होतं हे मान्यच. ‘द ब्लॅक पेज’ हे त्याने ड्रमर टेरी बोझिओसाठी रचलं, कागद स्वरचिन्हांनी काळा होतो म्हणून ते नाव. त्याची गिटार सोलो कागदावर उतरवायला त्याने स्टीव्ह वाय या गिटारवादकाला कामावर ठेवलं होतं. १९८४ मध्ये पिअर बूलेझसारख्या शास्त्रीय संगीतातल्या नामवंत फ्रेंच संगीतकार-कंडक्टरने त्याच्या रचना कंडक्ट करून रेकॉर्ड केल्या, रॉकवाल्यांत असा मान किती जणांना मिळालाय?

पण हाच निकष त्याच्या शब्दांना लावा ना. उन्मेष कुठाय? राजकारणी आणि टीव्हीवरचे धर्मोपदेशक यांना तो टोचतो तेव्हा धार असते, बायका आणि सेक्स आलं की वर्षानुवर्षं तेच ते वसतिगृहातले विनोद. १९८९ च्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच म्हटलंय की राजकीय खोड्या सोडल्या तर बाकीचे शब्द लिहिलेच नसते, नुसत्या वाद्यसंगीताला समाजात किंमत नाही म्हणून लिहिले. त्यामुळे तुमच्या वाक्यात ‘प्रतिभावान’ एका बाजूला आणि ‘अश्लील’ दुसऱ्या बाजूला ठेवून मध्ये ‘पण’चा तराजू धरायची गरजच पडत नाही. संगीतात प्रतिभा आहे, त्या शब्दांत ती नाही.

---

वरच्या उत्तरातलं ‘हिणवणारं’ आवडलं, शेवट नाही. गाण्यातून शब्द आणि संगीत असं चिमट्याने वेगळं काढता येतं का? रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचं ‘ब्राउन शुगर’ (१९७१) बघा, कीथ रिचर्ड्सने ओपन जी ट्यूनिंगमध्ये वाजवलेलं रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, सुरू झालं की पाय आपोआप हलतात आणि शब्द आहेत गुलाम बायकांवरच्या अत्याचाराचे. तिथे कसलं वेगळं काढता?

---

तिथे नाही काढता येत, बरोबर आहे. ‘ब्राउन शुगर’मध्ये रिफच शब्दांना खपवतं, आपण नाचतो तेव्हा त्या शब्दांवरच नाचत असतो. २०२१ च्या अमेरिका दौऱ्यात स्टोन्सनी ते वाजवलं नाही तेव्हा बरीच ओरड झाली, मला ती ओरड फार पटली नव्हती.

झापाचं वेगळं अशासाठी की त्याने स्वतःच हे वेगळं काढून दाखवलंय. १९८१ मध्ये नुसत्या गिटार सोलोंचे अल्बम काढले आणि नाव काय ठेवलं, ‘शट अप अँड प्ले यर गिटार’, म्हणजे गप बस आणि गिटार वाजव! नंतरच्या ‘जॅझ फ्रॉम हेल’मध्ये तर गाणारं कुणीच नाही, त्याला १९८८ मध्ये ग्रॅमी मिळालं.

बाकी ‘खटकणारी गाणी’ असं कुणीतरी सुचवेलच, पण खटकणं पुन्हा आपल्याच बाजूचं झालं, मम्मटाच्या लाजेसारखं. मूळ प्रश्नातलं वाक्य मी असं लिहीन: "झापाच्या संगीतरचनेत प्रतिभा दिसते, त्याची बरीच गाणी मात्र बायकांना आणि समलिंगी लोकांना हिणवतात, आणि त्यांतले विनोद शिळे आहेत." ‘मात्र’ खुपत असेल तर काढून टाका, अर्धविरामावर भागतं.